बिटकॉइनची ‘खाण’ खोदण्यापूर्वी : नवशिक्यांसाठी जोडणी आणि सुरक्षिततेची माहिती

- प्रतिनिधी

घराच्या एका कोपऱ्यात यंत्र मांडावे, ते इंटरनेटला जोडावे आणि रात्रंदिवस त्यातून पैसा पडत राहावा, अशी आभासी चलनाच्या मायनिंगविषयी अनेकांची समजूत असते. ती पूर्णतः चुकीची नाही. मात्र अपुरी आहे. यंत्रातून चलन मिळते हे खरे, परंतु त्याआधी मीटर फिरू लागतो. शिवाय मिळालेले चलन ज्या एका गुप्त चावीवर टिकून असते, ती हरवली किंवा चोरीस गेली, तर दाद मागण्यासाठी कोणतीही बँक नसते. म्हणून मायनिंगमध्ये उतरू इच्छिणाऱ्याने प्रथम विजेचा हिशेब करावा, नंतर चावीची व्यवस्था लावावी आणि सर्वांत शेवटी यंत्र विकत घ्यावे. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात. या लेखात प्रामुख्याने बिटकॉइनचे उदाहरण घेऊन ही माहिती दिली आहे.

मायनिंग म्हणजे नेमके काय?

बिटकॉइनची कल्पना सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात मांडली गेली आणि ३ जानेवारी २००९ रोजी या चलनाची पहिली नोंद झाली. हे चलन कोणतीही मध्यवर्ती बँक काढत नाही. कोणी कोणाला किती बिटकॉइन दिले, याची एक सामाईक खातेवही जगभरातील हजारो संगणकांवर ठेवलेली असते. या वहीचे एकेक पान म्हणजे ‘ब्लॉक’. सरासरी दर दहा मिनिटांनी एक नवे पान जोडले जाते.

हे पान कोणी जोडायचे, हे एका स्पर्धेतून ठरते. पानावरील मजकुरासोबत एक अंक घेऊन त्यावर ‘एसएचए-२५६’ ही गणिती प्रक्रिया केली असता विशिष्ट मर्यादेपेक्षा लहान उत्तर यावे लागते. असा अंक शोधण्याची कोणतीही युक्ती नाही. एकामागून एक अंक तपासत राहणे एवढाच मार्ग आहे. ज्याला तो प्रथम सापडतो, त्याला नवे बिटकॉइन आणि त्या पानावरील व्यवहारांचे शुल्क मिळते. यालाच मायनिंग म्हणतात.

आरंभी हे बक्षीस एका ब्लॉकमागे ५० बिटकॉइन होते. ते दर २ लाख १० हजार ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी, निम्मे होते. २०१२ मध्ये ते २५, २०१६ मध्ये १२.५, २०२० मध्ये ६.२५ आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५ बिटकॉइन झाले. एकूण बिटकॉइनची संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही, अशी ही रचना आहे. स्पर्धक वाढले तरी ब्लॉक दहा मिनिटांनीच निघावा, यासाठी दर २,०१६ ब्लॉकनंतर कोड्याची काठिण्यपातळी आपोआप बदलते. त्यामुळे जगात नवी यंत्रे वाढली, की आपल्या यंत्राचा वाटा कोणतीही चूक नसताना कमी होतो.

प्रथम कागद-पेन्सिल

यंत्राची क्षमता ‘टेराहॅश’मध्ये मोजतात. एक टेराहॅश म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी प्रयत्न. ‘अँटमायनर एस-२१’ या प्रचलित यंत्राची क्षमता २०० टेराहॅश असून त्याला सुमारे ३,५०० वॅट वीज लागते. सर्व जगातील बिटकॉइन यंत्रांची एकत्रित क्षमता २०२५ मध्ये १०० कोटी टेराहॅशच्या पुढे गेली. हा आकडा सतत बदलत असतो. मात्र हिशेबासाठी तो १०० कोटी धरू.

म्हणजे आपल्या यंत्राचा वाटा पन्नास लाखांत एक. दिवसाला साधारण १४४ ब्लॉक निघतात आणि त्यातून ४५० नवे बिटकॉइन तयार होतात. त्याचा पन्नास लाखावा भाग म्हणजे दिवसाला ०.००००९ बिटकॉइन. व्यवहारशुल्काची थोडी भर पडेल, पण ती फार नसते.

आता विजेकडे पाहू. साडेतीन किलोवॅटचे यंत्र चोवीस तास चालले, तर दिवसाला ८४ आणि महिन्याला २,५२० युनिट वीज लागते. युनिटला १० रुपये धरल्यास दिवसाचा खर्च ८४० रुपये, महिन्याचा २५,२०० रुपये. राज्यातील घरगुती वीजदरात ५०० युनिटांपुढचा टप्पा सर्वांत महागडा असतो, हे लक्षात घेता प्रत्यक्ष बिल याहून अधिक येण्याचीच शक्यता आहे.

या दोन आकड्यांचा मेळ घातला असता असे दिसते, की एका बिटकॉइनचा भाव सुमारे ९३ लाख रुपयांच्या वर असेल, तरच या यंत्राच्या विजेचा खर्च निघतो. त्यात यंत्राची किंमत, सीमाशुल्क, दुरुस्ती आणि कर धरलेला नाही. वाचकांनी त्या दिवसाचा भाव, जागतिक क्षमता आणि आपल्या बिलावरील दर घेऊन हाच हिशेब पुन्हा करावा. उत्तर उणे आले, तर यंत्र घेण्याचा विचार तेथेच थांबवावा. ‘पुढे भाव वाढेलच’ असा ज्याचा विश्वास आहे, त्याला तेवढ्याच पैशाचे बिटकॉइन थेट विकत घेणे सोपे पडते. त्यासाठी घरात भट्टी पेटवण्याची गरज नाही.

शिकण्यासाठी कोणता मार्ग?

साध्या संगणकावर बिटकॉइन काढण्याचे दिवस केव्हाच सरले. आता त्यासाठी ‘असिक’ म्हणजे या एकाच कामासाठी बनवलेल्या चिपची यंत्रे लागतात. खेळांसाठीच्या ग्राफिक कार्डांवर इथेरियम हे चलन काढले जात असे. परंतु १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली. त्यामुळे ‘इथेरियम मायनिंग’च्या नावाने कोणी जुनी यंत्रे विकत असेल, तर सावध व्हावे.

केवळ प्रक्रिया समजून घ्यायची असेल, तर दोन स्वस्त मार्ग आहेत. पहिला, ‘बिटॅक्स’ सारखे तळहाताएवढे यंत्र. ते पंधरा-वीस वॅटवर चालते आणि साधारण एक टेराहॅश क्षमता देते. वरील हिशेबाने अशा यंत्राला एकट्याने ब्लॉक मिळण्यास सरासरी १९ हजार वर्षे लागतील. म्हणजे हे सोडतीचे तिकीट झाले. पण जोडणी, पूल, वॉलेट हे सर्व त्यावर शिकता येते. दुसरा मार्ग ‘मोनेरो’ या चलनाचा. २०१९ पासून त्याची पद्धत साध्या संगणकाच्या प्रोसेसरला अनुकूल अशी आहे. मात्र अनेक विनिमय केंद्रांनी हे चलन आपल्या यादीतून काढून टाकले असल्याने ते विकणे अवघड जाते. अभ्यासापुरतेच ते ठीक.

वीजजोडणी : येथे काटकसर नको

साडेतीन हजार वॅटचे यंत्र २३० व्होल्टला सुमारे १५ अँपिअर प्रवाह घेते. घरातील मोठा प्लग १६ अँपिअरचा असतो, तेव्हा ‘चालून जाईल’ असे वाटते. परंतु गिझर अर्धा तास चालतो. हे यंत्र वर्षभर थांबत नाही. अखंड भाराने प्लगची पकड तापते, सैल होते आणि आगीचे निमित्त होऊ शकते. त्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत.

- परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी. तिला तिचा स्वतंत्र एमसीबी असावा आणि तार त्या भाराला पुरेल अशा जाडीची तांब्याची असावी.
- अर्थिंग तपासून घ्यावे आणि विजेचा धक्का टाळणारे आरसीसीबी बसवावे.
- एक्स्टेन्शन बोर्ड किंवा मल्टिप्लग कदापि वापरू नये.
- वीजजोडणीचा मंजूर भार किती आहे, ते बिलावर पाहावे. आवश्यक असल्यास भारवाढीचा अर्ज करावा. उत्पन्नासाठी घरगुती जोडणी चालेल का, हे वीज कंपनीला लेखी विचारून ठेवावे.
- धूरसूचक आणि विजेच्या आगीवर चालणारे अग्निशामक नळकांडे जवळ ठेवावे. अशा आगीवर पाणी मारू नये.

मीटर वगळून वीज घेणे हा २००३ च्या वीज कायद्यानुसार गुन्हा आहे. कार्यालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या संगणकावर गुपचूप मायनिंग करणेही तितकेच अंगलट येऊ शकते. रशियातील सारोव्ह येथील अणुसंशोधन केंद्राच्या महासंगणकावर बिटकॉइन काढण्याचा प्रयत्न करणाऱ्या तेथील अभियंत्यांना २०१८ मध्ये अटक झाली होती.

उष्णता, आवाज आणि धूळ

यंत्राने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. म्हणजे खोलीत दोन मोठे हीटर अहोरात्र चालू ठेवण्यासारखेच. थंड देशांत त्यावर घर तापवतात. आपल्याकडे हीच उष्णता बाहेर काढण्यासाठी पंखा आणि वेळप्रसंगी वातानुकूलन लागते आणि त्याचेही बिल येते. विदर्भातील मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ अंशांवर जाते, तेव्हा बहुतेक यंत्रे आपली चालण्याची मर्यादा गाठतात. कोकणपट्टीत दमट व खारट हवा सर्किटवर परिणाम करते. यंत्राची थंड हवा घेणारी बाजू आणि गरम हवा सोडणारी बाजू वेगवेगळी ठेवावी. गरम हवा नळीद्वारे खिडकीबाहेर काढावी. जाळी दर आठवड्यास झटकावी.

आवाजाचाही विचार करावा. अशा यंत्राचा आवाज साधारण ७५ डेसिबल असतो. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सदनिकेत यंत्र बसवल्यास पहिली तक्रार शेजाऱ्यांकडून येईल, हे ध्यानात ठेवावे.

पूल म्हणजे भिशी नव्हे

दोनशे टेराहॅशच्या यंत्राने एकट्याने काम केल्यास एक ब्लॉक मिळण्यास सरासरी ९५ वर्षे लागतील. म्हणून मायनर ‘पूल’मध्ये सामील होतात. सर्वांची क्षमता एकत्र करून ब्लॉक शोधला जातो आणि ज्याच्या त्याच्या कामाच्या प्रमाणात बक्षीस वाटले जाते. पहिला पूल २०१० मध्ये सुरू झाला. तो आज ‘ब्रेन्स पूल’ या नावाने ओळखला जातो.

पूल निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. शुल्क किती टक्के. पैसे कोणत्या पद्धतीने. आणि किमान किती रक्कम साठल्यावर ती आपल्या वॉलेटवर पाठवली जाते. काही पूल केलेल्या प्रत्येक कामाचा ठरलेला मोबदला देतात, तर काही पूल ब्लॉक मिळाला तरच वाटणी करतात. पहिल्या पद्धतीत शुल्क सहसा अधिक, पण उत्पन्न स्थिर. पूलमध्ये रक्कम साठवून ठेवू नये. ती ठरावीक काळाने आपल्या वॉलेटवर घ्यावी. पूल आपल्याकडे आगाऊ पैसे मागत नाही. कोणी ‘पूलमध्ये सामील होण्यासाठी ठेव भरा’ असे म्हणाले, तर तो पूल नव्हे.

जोडणी सोपी असते. यंत्र नेटवर्कच्या तारेने राऊटरला जोडावे, राऊटरच्या यादीतून त्याचा आयपी पत्ता शोधावा, ब्राउझरमध्ये तो उघडून पूलचा पत्ता आणि आपले नाव भरावे. इंटरनेटचा वेग फार लागत नाही. मात्र ते खंडित होता कामा नये. कामगिरीचे आकडे पहिला आठवडाभर यंत्रावर आणि पूलच्या संकेतस्थळावर दोन्हीकडे पडताळावेत.

यंत्राची सुरक्षितता

नवे यंत्र जो पासवर्ड घेऊन येते, तो जगजाहीर असतो. अनेक यंत्रांत नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘रूट’ असेच असतात. ते तसेच राहिले, तर घुसखोर फक्त एक गोष्ट करतो : पूलच्या रकान्यात तुमच्या नावाऐवजी त्याचे नाव घालतो. यंत्र चालू राहते, पंखा फिरतो, बिल येते आणि उत्पन्न दुसऱ्याच्या खात्यावर जाते. त्यामुळे पुढील काळजी घ्यावी.

- पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.
- यंत्रासाठी राऊटरवर वेगळे नेटवर्क करावे. घरातील बँक व्यवहारांचा संगणक त्यावर नसावा.
- यंत्र बाहेरून इंटरनेटवर खुले करू नये. दूरून पाहायचे असल्यास पूलचे संकेतस्थळ पुरेसे आहे.
- यंत्राची कार्यप्रणाली उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच अद्ययावत करावी. ‘क्षमता दीडपट करणारी’ म्हणून समूहांत फिरणारी फाइल टाकू नये. जुने यंत्र घेतल्यास ती प्रणाली प्रथम नव्याने भरावी.
- पूलच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावावी आणि पैसे जाणारा पत्ता कुलूपबंद करण्याची सोय असल्यास ती वापरावी.
- संगणकावर मायनिंगचा प्रोग्रॅम घेताना अँटिव्हायरस इशारा देतो. तो इशारा टाळण्यासाठी संपूर्ण अँटिव्हायरस बंद करणे धोक्याचे आहे. मायनिंगसाठी वेगळाच संगणक वापरणे श्रेयस्कर.

चावी हीच तिजोरी

वेल्समधील न्यूपोर्ट येथील जेम्स हॉवेल्स यांचे प्रकरण प्रत्येक नवशिक्याने वाचावे. त्यांनी २००९ मध्ये, म्हणजे अगदी आरंभी, आपल्या संगणकावर सुमारे आठ हजार बिटकॉइन काढले होते. त्यांची चावी असलेली हार्ड डिस्क २०१३ मध्ये चुकून कचऱ्यात गेली. कचराभूमी उकरण्याची परवानगी मिळावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे पालिकेशी झगडा केला. जानेवारी २०२५ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. त्यांचे बिटकॉइन खातेवहीत सर्वांना दिसतात. मात्र ते हलवण्याची चावी नाही.

वॉलेटमध्ये चलन नसते. असते ती चावी. नवे वॉलेट सुरू करताना १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांची एक मालिका दिली जाते. ही मालिका ज्याच्या हाती, त्याचे चलन. ती कागदावर सुवाच्य अक्षरात, क्रमाने लिहावी. दोन प्रती कराव्यात आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. तिचे छायाचित्र काढू नये, ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवर पाठवू नये, संगणकावर टंकून ठेवू नये. ‘मदत केंद्रा’तून बोलतो असे सांगून कोणी ते शब्द विचारल्यास तो चोरच समजावा. घरातील एका विश्वासू व्यक्तीला कागद कोठे आहे, हे ठाऊक असावे. अन्यथा वारसांच्या हाती काही लागणार नाही.

रक्कम मोठी असेल, तर चावी इंटरनेटपासून दूर ठेवणारे हार्डवेअर वॉलेट घ्यावे. ते उत्पादकाकडूनच मागवावे. शब्द आधीच छापून आलेले वॉलेट वापरू नये. ते शब्द छापणाऱ्याकडेही आहेत. प्रथम अगदी थोडी रक्कम पाठवावी, वॉलेट पुसून टाकावे आणि कागदावरील शब्दांवरून ते परत उभे करून पाहावे. हा प्रयोग जमल्यावरच पुढील रक्कम पाठवावी. पत्ता चिकटवताना तो बदलून टाकणारे व्हायरस असतात. म्हणून पाठवण्यापूर्वी पूर्ण पत्ता ताडून पाहावा.

‘यंत्र आमचे, नफा तुमचा’

यंत्र, वीज, उष्णता यांची कटकट नको म्हणून ‘क्लाउड मायनिंग’चा मार्ग सुचवला जातो. पैसे भरा, यंत्रे कोठे तरी परदेशात चालतील आणि नफा तुम्हाला मिळेल, असे सांगितले जाते. महाराष्ट्राला याचा कटू अनुभव आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘गेनबिटकॉइन’ योजनेत गुंतवणुकीवर १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आश्वासन देण्यात आले होते. परतावा थकला, तेव्हा पुण्यासह अनेक ठिकाणी गुन्हे दाखल झाले आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीला अटक केली. त्याचा २०२२ मध्ये मृत्यू झाला. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभरात साठहून अधिक ठिकाणी छापे पडले.

वरील हिशेब ज्याने एकदा स्वतः केला, त्याला अशी योजना ओळखणे अवघड नाही. मायनिंगचे उत्पन्न भावाबरोबर आणि काठिण्यपातळीबरोबर रोज बदलते. ते दरमहा ठरावीक टक्के देऊच शकत नाही. ठरावीक परतावा आणि नवे सदस्य आणल्यास दलाली, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, की दूर राहावे. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी.

कायदा आणि कर

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगणारे परिपत्रक काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते रद्द केले. तरीही आभासी चलनाला भारतात अधिकृत चलनाचा दर्जा नाही. विक्री करताना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंद असलेले विनिमय केंद्रच निवडावे.

एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर उपकर लागू झाला. १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर एक टक्का करकपात सुरू झाली. यात मालमत्ता मिळवण्याच्या मूळ खर्चाखेरीज कोणतीही वजावट मिळत नाही आणि मायनिंगच्या पायाभूत सुविधांवरील खर्च हा असा मूळ खर्च धरला जाणार नाही, असे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केले. याचा अर्थ समजून घ्यावा. समजा, महिन्यात ३० हजारांचे चलन मिळाले, विकले आणि विजेचे बिल २५,२०० रुपये आले. हाती ४,८०० रुपये उरल्यासारखे वाटतात. परंतु विजेची वजावट न मिळाल्यास कर पूर्ण ३० हजारांवर, म्हणजे ९ हजार रुपये होतो. नफा दिसत असताना प्रत्यक्षात ४,२०० रुपयांचा तोटा झाला. एका आभासी मालमत्तेतील तोटा अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही. म्हणून प्रत्येक जमा रकमेची तारीख आणि त्या दिवसाचा भाव नोंदवून ठेवावा आणि सनदी लेखापालाचा सल्ला यंत्र घेण्यापूर्वी घ्यावा.

थोडक्यात

- मागील तीन वीजबिले काढून हिशेब करावा. तो कर धरून पूर्ण करावा.
- वॉलेट आधी तयार करावे आणि शब्दांचा कागद पारखून घ्यावा.
- शिकण्यासाठी लहान यंत्रापासून सुरुवात करावी.
- मोठे यंत्र घेतल्यास स्वतंत्र वीजलाइन, हवा आणि शेजारी यांचा विचार करावा.
- पहिल्या दिवशी पासवर्ड बदलावा. आठवड्यातून एकदा पूलचे खाते आणि पैसे जाणारा पत्ता तपासावा.
- कर्ज काढून यंत्र घेऊ नये आणि दुसऱ्याच्या यंत्रावर आपले पैसे लावू नयेत.

ज्याला वीज स्वस्त मिळते, जागा आहे आणि दुरुस्तीचे ज्ञान आहे, त्याच्यासाठी मायनिंग हा कमी नफ्याचा व्यवसाय आहे. इतरांसाठी तो एक अभ्यासाचा विषय आहे आणि तसाच तो ठेवल्यास खिशाला झेपतो. यंत्र कोणते घ्यावे, हा प्रश्न पडण्यापूर्वी हिशेबाचा कागद समोर असेल, तर कष्टाची पुंजी वाया जाण्याची वेळ येणार नाही.